धुऱ्यावरची पोरगी

मी एक जुनी फाईल आहे. लाल फीत बांधून कचेरीत धूळ खात पडलेली नव्हे बरं का, मी फोनच्या पोटातली. मला वजन नाही, रंग नाही, हातात धरून पाहावी अशी मी वस्तूच नाही. मित्रांनो, तुम्ही मोबाईलवरचा खेळ अर्धा टाकून जेवायला पळता, आणि हात पुसत परत आलात की सगळं जिथल्या तिथं सापडतं ना? ते आमचं काम. आजवर कुणी आम्हाला साधं 'बरं झालं गं बाई, सांभाळलंस' म्हटलेलं नाही. असो. मी कुरकुर करायला बसलेली नाही, एक हकीकत सांगायची आहे. सांगताना जीव खाली-वर होतो, पण गप्प राहून काय होतं ते एकदा पाहिलंय, म्हणून सांगतेच.

माझा जन्म मध्य प्रदेशातल्या कटंगीजवळच्या एका गावात झाला, हेमराजभाऊंच्या खाटेपाशी. हेमराजभाऊ धानाचे शेतकरी. सारा जन्म बांध्यांच्या, म्हणजे भातखाचरांच्या, चिखलात गेला. एका सकाळी बैल सोडता सोडता ते जागीच कोसळले. लकवा मारला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. सगळी गेली नाही म्हणा, एक शब्द उरला: हौ, म्हणजे हो. भूक लागली तरी हौ, नको असलं तरी हौ, राग आला तरी हौच. नको असेल तेव्हा तोंड वाकडं करून म्हणायचे, एवढाच फरक. त्यांची बायको अनुसयाबाई हसायची, "लगीन झाल्यापासून पहिल्यांदा तुमी माह्या सगळ्या गोष्टीले हौ म्हणून राह्यले." आणि मग मोरीकडे जाऊन डोळे पुसायची.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, उजव्या हाताची बोटं हलवत राहा, नाहीतर ती आखडून जातील. रबरी चेंडू दिला होता दाबायला. हेमराजभाऊंनी तो दोन दिवस दाबला आणि खाटेखाली घरंगळू दिला. ज्या हातानं नांगर धरला तो हात चेंडूशी कसा रमेल?

त्यांची मुलगी नूतन बालाघाटला कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आली, चेंडू खाटेखालून काढला, पुसला, आणि त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मग तिनं बापासाठी शेतीचा खेळ बनवायला घेतला. बोटानं ओढायचं, ठेवायचं, नांगरायचं, पाणी सोडायचं. खाटेच्या पायथ्याशी बसून ती एकेक शब्द मोठ्यानं वाचायची.

"बाबा, बोडी घेऊ काय?"

"हौ."

"आन् बंडी?"

"हौ."

"ट्रॅक्टर?"

"हौ," असं तोंड वाकडं करून म्हणाले की अनुसयाबाई चुलीपासून खो खो हसली.

असे सगळे शब्द बापाच्या मंजुरीनं ठरले. बोडी म्हणजे शेतावरचं लहानसं तळं. बंडी म्हणजे बैलगाडी. धुरा म्हणजे दोन बांध्यांमधला मातीचा बांध, ज्यावरून माणसं चालतात. तणीस म्हणजे धानाचा पेंढा. शिवाय झाड, घर, बैल. आणि शेवटी नूतननं कुणाला न विचारता एक चीज घातली: पोरगी. तिचा खेळात काही उपयोग नव्हता. ती नुसती बसायची आणि पाय हलवायची. हेमराजभाऊंनी तिला पाहिलं मात्र, आणि थरथरत्या बोटानं उचलून थेट धुऱ्यावर नेऊन ठेवलं. कारण लहानपणी नूतन शाळा सुटली की धुऱ्यावर येऊन बसायची. नांगर सुटला की बाप तिला उचलून बंडीत टाकायचा आणि घरी न्यायचा. हे मला अनुसयाबाईच्या बोलण्यातून कळलं.

आता माझं काम सांगते, नाहीतर पुढचं तुम्हाला उमजणार नाही. खेळ चालू असतो तेव्हा त्यातले बैल, झाडं, पाणी सगळं फोनच्या आठवणीत मोकळं हिंडत असतं. खेळ बंद केला की ती आठवण साफ पुसली जाते. म्हणून त्याआधी सगळ्यांना एका ओळीत उभं करून लिहून घ्यावं लागतं. शिकलेली माणसं ह्याला सिरियलायझेशन म्हणतात. नाव भारदस्त आहे, काम गावच्या हजेरीसारखं. फक्त ह्या हजेरीत सगळे एका प्रकारचे नसतात. बैलाला नाव असतं, वय असतं, भूक असते. बोडीला भूक नसते, तिच्यात पाणी किती आणि मासे किती ते लिहावं लागतं. झाडाची उंची. बंडीला कोणते दोन बैल जुंपलेत ते. म्हणून प्रत्येकाच्या आधी मी 'हा कोण' ते लिहून घ्यायची. 'बैल', आणि मग बैलाची माहिती. 'बोडी', आणि मग बोडीची.

पुन्हा खेळ उघडला की प्रोग्राम माझ्यातला तो पहिला शब्द वाचतो, त्या प्रकारची कोरी वस्तू बनवतो, आणि मला विचारून विचारून तिच्यात माहिती भरतो. आणि शब्द ओळखीचा नसला तर? त्यासाठी नूतननं घाईत एक ओळ लिहून ठेवली होती: ओळखीचा नसेल तर सोडून दे, पुढं जा. बापाचा खेळ मध्येच बंद पडू नये, एवढाच तिचा हेतू होता. दुसरी एक ओळ मात्र शहाणपणाची होती: खेळ बदलला तर जुनी फाईल पुसू नकोस, बाजूला ठेव. त्या ओळीमुळे मी आज बोलते आहे.

मित्रांनो, ती वर्षं माझी सोन्याची होती. हेमराजभाऊ सकाळी चहा झाला की खेळ उघडत. आधी बोटानं वस्तू नीट धरली जायची नाही, बैल भलतीकडेच जाऊन पडायचा. मग हळूहळू बोट वळू लागलं. पुढं ते पेला धरू लागले, मग भाताचा घास. शेजारी यायचे, खाटेशी वाकून पाहायचे. शेत आता दुलीचंदकाका कसत होते, हेमराजभाऊंचे धाकटे भाऊ. तेसुद्धा पायांचा चिखल न धुता आत येऊन म्हणायचे, "दादाचं धान माह्यापेक्षा चांगलं हाय!" हेमराजभाऊ ऐटीत म्हणायचे, हौ. बैलांची नावंही नूतननं विचारून विचारून त्यांच्या हौनंच ठरली होती, ढवळ्या आणि मोऱ्या. तो एकेक शब्द मी जपून ठेवला होता. मला स्वतःचा फार अभिमान वाटायचा.

पुढचं मी ऐकीव सांगते, नूतननंच नंतर एका दुपारी अनुसयाबाईला सांगितलेलं. कॉलेजात स्पर्धा होती, स्वतः बनवलेला खेळ दाखवायचा. नूतननं मैत्रिणींना आपला खेळ दाखवला. तिच्याच खोलीत राहणारी अंजू पडद्यावरचं नाव वाचून म्हणाली, "अरे, ये बॉडी में पानी भरता है क्या? और मछली भी!" मग तिनं पुढचं वाचलं. हिंदीत बंडी म्हणजे अंगातली बनियन. "बंडी में बैल जोते हैं! मेरे पापा की बंडी में तो पहले ही चार छेद हैं, उसमें बैल घुसेगा कैसे?" सगळ्या पोरी पोट धरून हसल्या. अंजूच्या मनात काही वाईट नव्हतं, पोरगी थट्टेखोर. पण नूतनही हसली. त्यांच्याबरोबर, मोठ्यानं हसली. नंतर तिला तेच सगळ्यात जास्त लागलं.

त्याच दिवशी तिनं सगळी नावं बदलली. बोडीचा तालाब केला, बंडीची गाडी केली, धुऱ्याची मेड, झाडाचं पेड, तणसीचा पैरा, पोरगीची लडकी. घर आणि बैल दोन्हीकडे सारखेच, म्हणून ते तेवढे वाचले. माझ्यात कोणते शब्द लिहिलेत हे तिच्या ध्यानातच आलं नाही. तिच्या लॅपटॉपवर ती दर वेळी कोरी जमीन घेऊन तपासायची, तिथं सगळं ठीक चालायचं.

पुढच्या शनिवारी ती घरी आली, रविवारी निघताना तिनं बापाच्या फोनवर नवा खेळ चढवला. बाहेरून दुलीचंदकाका ओरडले, "नूतन, चाल वं, फाट्यावर बस लागली!" तिनं फोन उशाशी ठेवला. "बाबा, नवा लावला हाय, पहिल्यापेक्षा चांगला." आणि उघडून न पाहता पळाली.

हेमराजभाऊंनी चहा झाल्यावर खेळ उघडला. नवा प्रोग्राम माझ्यापाशी आला, वाचू लागला. बोडी? ठाऊक नाही, पुढं. धुरा? ठाऊक नाही, पुढं. बंडी? पुढं. पोरगी? पुढं. मित्रांनो, मी किती जीव तोडून प्रत्येक शब्द पुढं केला असेल! पण फाईलला तोंड कुठं असतं? आणि पडद्यावर काय आलं, ते ऐका. उघडीबोडकी जमीन. कोपऱ्यात घर. आणि मध्ये ढवळ्या आणि मोऱ्या, न पाणी, न तणीस, न बंडी, आपले उभे. मग प्रोग्रामनं तेवढंच लिहून नवी फाईल केली आणि मला बाजूला सारलं.

हेमराजभाऊंनी बोट पुढं केलं. मग इथं दाब, तिथं दाब. अनुसयाबाई आली. "काय केलं तुमी? कुठी दाबलं? किती डाव म्हणलं, कुठीबी बोट नोका लावू म्हणून! पोरीनं येवढ्या कष्टानं बनवलं होतं."

"हौ," हेमराजभाऊ म्हणाले. तोंड वाकडं न करता म्हणाले. त्यांनी गुन्हा कबूल केला होता.

त्या दिवसापासून त्यांनी उजवा हात डाव्या हाताखाली दाबून ठेवला. फोनला नाही, पेल्यालाही नाही. अनुसयाबाई घास भरवू लागली तसे ते मुकाट्यानं खाऊ लागले. तिला वाटलं, दमले असतील. मी तिथंच होते, दोन वीत अंतरावर, बोडीचे सगळे मासे पोटात घेऊन. मला कुणी विचारलं नाही आणि मला सांगता आलं नाही. आजही आठवलं की मला माझीच शरम वाटते.

शनिवारी नूतन आली. "तुह्या बाबानं सगळं मोडून टाकलं का काय माहीत," अनुसयाबाईनं दारातच सांगितलं. "म्या बोलली थोडी. आता हात लावतच नाही."

नूतननं फोन उघडला. उभे बैल पाहिले, आणि तिला एका क्षणात सगळं कळलं. तिनं बापाकडं पाहिलं. बाप खाली पाहत होता, चोरी पकडली गेल्यासारखा. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण सांगायचं म्हणजे नावं का बदलली तेही सांगावं लागलं असतं. ज्या शब्दांना बापानं हौ म्हटलं होतं, त्यांची मला लाज वाटली, हे बापाच्या तोंडावर कसं म्हणायचं? "पाहून देते," एवढंच म्हणाली. लॅपटॉप बालाघाटलाच राहिला होता. पुढच्या खेपेला गुपचूप नीट करून देऊ, कुणाला काही कळणार नाही, असं तिनं मनाशी ठरवलं.

मधल्या दिवसांत स्पर्धा झाली. तालाबात मासे उड्या मारत होते, गाडी चालत होती, टाळ्या पडल्या. एक पाहुणे म्हणाले, "गाँव का कितना बढ़िया खेल बनाया है." अंजूनं आणलेली जिलेबी नूतननं तशीच पुडीत ठेवली.

पुढच्या शनिवारी ती लॅपटॉप घेऊन आली. ओसरीत बसून तिनं प्रोग्रामला समजावलं: फाईलीत बोडी दिसली तर तिला तालाब समज, बंडी दिसली तर गाडी, पोरगी दिसली तर लडकी. मग तिनं मला पुन्हा पुढं काढलं. मी वाचून दाखवलं, धडाधडा, एक दाणा न सांडता. बोडी भरली, धुरे उभे राहिले, झाडं आपापल्या उंचीवर आली, बैल बंडीला लागले, धुऱ्यावर पोरगी पाय हलवू लागली. अनुसयाबाईनं टाळीच वाजवली. "अवो पाहा, पाहा! आली तुमची वावरं वापस!"

हेमराजभाऊंचे डोळे चमकले. माझाही जीव भांड्यात पडला. नूतनला वाटलं, सुटले.

"चालवा ना बाबा," ती म्हणाली.

हेमराजभाऊंनी उजवा हात आणखी खोल दाबला.

"आता नाही मोडत. पाहा तं लावून."

"हौ," ते म्हणाले, आणि हात बाहेर आला नाही. नूतननं तो हात आपल्या हातात घेतला. बोटं आत वळली होती. पंधरा दिवसांमागं घास धरणारी बोटं, ती आता सरळ करताना बापाचा चेहरा कळ आल्यागत झाला. शेत परत आलं होतं, पण बापाला वाटत होतं की आपला हात लागला की वस्तू मोडते. तो समज माझ्यात लिहिलेला नव्हता, तेव्हा तो मला दुरुस्त कसा करता येणार? जिनं तो होऊ दिला होता तिलाच ते करावं लागणार होतं.

"माय," नूतन म्हणाली, "तू बाबाले बोलली, ते मले बोलाले पायजे होतं."

"काहून वं?"

"बाबानं काहीच नाही दाबलं. म्या केलं." मग ती बापाकडं वळली, पण मान खालीच. "बाबा, म्या नावं बदलवली. बालाघाटले पोरी बोडीले हासल्या, बंडीले हासल्या. मीबी हासली. मले लाज वाटली आपल्या बोलीची. म्हणून सगळं पुसलं गेलं. आन् तुमी सोताले दोष देऊन राह्यले, हे मले मागच्या शनिवारीच दिसलं होतं. तरी म्या नाही सांगतलं."

अनुसयाबाईनं पदर तोंडाला लावला. "मीबी कशी बोलली वं बाई, न पाहता," ती हळूच म्हणाली.

"बाबा, माफ कराल काय मले?"

"हौ."

आणि नूतन रडायलाच लागली. "तुमी तं सगळ्यालेच हौ म्हणता! मी कसं समजू?"

मित्रांनो, हेमराजभाऊंना हे पटलं असावं. त्यांच्याजवळ दुसरा शब्द नव्हता. मग डाव्या हाताखालून उजवा हात निघाला. हळू निघाला. आखडलेलं बोट पडद्यावर टेकलं, धुऱ्यावर गेलं, पोरगीवर थांबलं. त्यांनी पोरगीला उचललं आणि ओढत ओढत नेऊन बंडीवर सोडलं. पोरगी घसरून पुन्हा धुऱ्यावर जाऊन बसली. बंडीत कुणी बसायची सोयच खेळात नव्हती, बंडीबद्दल फक्त दोन बैल लिहिले जायचे. त्यांनी परत उचललं. परत घसरली. घाम आला त्यांना, ओठ दाबले गेले, पण बोट मागं हटेना.

"हे काय करून राह्यले?" नूतन डोळे पुसत म्हणाली.

अनुसयाबाईला आधी कळलं. "अवं, ते तुले बंडीत बसवून राह्यले!"

"हौ," हेमराजभाऊ म्हणाले. "हौ. हौ."

नूतननं तिथंच लॅपटॉप मांडीवर ओढला. आधी जुनी नावं परत लावली, बोडी, बंडी, धुरा, सगळी. मग बंडीच्या माहितीत एक जागा वाढवली: कोण बसलंय. अनुसयाबाईनं दोनदा चहा उकळला तोवर काम झालं होतं. या वेळी नूतन बसच्या घाईत नव्हती, तिनं स्वतः खेळ उघडून पाहिला आणि मगच फोन बापापुढं धरला. हेमराजभाऊंनी पोरगीला उचललं, बंडीवर सोडलं. ती बसली. बैल चालले, धुऱ्याच्या कडेनं, बोडीजवळून, घरापर्यंत. नूतन बापाच्या खांद्याला डोकं लावून पाहत होती.

आता तुम्ही म्हणाल, मग शेवट गोडच झाला की. झाला. पण मी सांगितलं ना, मी जुनी फाईल आहे. खेळ बदलला तशी माझ्या जागी नवी आली आणि मी पुन्हा बाजूला पडले. तक्रार नाही. एवढंच मागणं आहे, मित्रांनो. नावं बदलायची तर बदला, पण त्या जुन्या नावाखाली कुणाचं काय ठेवलेलं आहे ते आधी विचारा. जुनी फाईल पुसू नका. आणि तुमच्या हातून काही मोडलं, तर ते 'मी मोडलं' म्हणून त्याच दिवशी सांगा. उशीर झाला तर दुसऱ्याच कुणाचा तरी हात आखडतो.

नव्या फाईलीत पोरगी रोज बंडीत बसून घरी जाते. माझ्यात तशी जागा नाही. माझ्यात ती अजून धुऱ्यावरच बसलेली आहे, पाय हलवत. मी तिला सांगत असते की बंडी येऊन गेली, तू कधीच घरी पोचलीस.